ओपनच्या खिडकीतले मानकरी

देशात तळेगावं पुष्कळ आहेत. पण आमच्या शेजारच्या तळेगाव श्यामजीपंतचं पत्र माझ्या हातून एकतीस वर्षांत एकदाही दुसऱ्या तळेगावला गेलं नाही. कारंज्याचा पोस्टमास्तर म्हणून मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात हे वाक्य तीन जणांनी म्हटलं, त्यांतल्या दोघांना ते मीच सुचवलं होतं. सांगायचा मुद्दा असा की, वस्तू कुठे ठेवली आणि कुठून काढायची या विषयात मला कुणी शिकवावं अशी माझी परिस्थिती नव्हती. त्यामुळे हा सदाशिवराव संगणकाच्या एका खिडकीपुढे हरला, असं जे गावात बोललं जातं ते साफ खोटं आहे. मी हरलो नाही. मला वेळ लागला.

गोष्ट दोन हजार सातची. मी आमच्या वाचनालयाचा सचिव होतो, म्हणजे बिनपगारी. वाचनालयाला कुणीतरी एक वापरलेला संगणक भेट दिला होता. माझी मुलगी सुरभी पुण्याला अशाच कामात आहे. ती दिवाळीत आली आणि त्यात लिनक्स नावाची प्रणाली घालून गेली. "बाबा, हे फुकट आहे आणि याला व्हायरस लागत नाही," एवढं सांगून ती गाडीत बसली. आमचे कोषाध्यक्ष भैय्याजी यांचा हायवेवर ढाबा आहे. ते म्हणाले, "फुकट हाये म्हंजे कायतरी खोट असनच. मास्तर, माह्यं ऐका, फॉर्मेट मारा." फॉर्मेट म्हणजे काय हे भैय्याजींना माहीत नव्हतं, पण ढाब्यावरच्या एका ट्रकवाल्याने त्यांना हा शब्द सांगितला होता, आणि तेव्हापासून ते तो पोटदुखीवरसुद्धा सुचवत.

मार्चमध्ये वर्ध्याहून निरीक्षक येणार असं पत्र आलं. आमचं वाचनालय 'क' वर्गात होतं, ते 'ब' वर्गात जाण्याच्या लायकीचं आहे की नाही हे ते पाहणार होते. वाचनालयाची खोली अध्यक्ष ताराचंदजी यांच्या मालकीची. त्यांच्या वडिलांनी ती वाचनालयाला वापरायला दिली होती, पण ताराचंदजींचा सरकी-ढेपेचा धंदा वाढला होता आणि त्यांची नजर खोलीवर होती. त्यांनी कार्यकारिणीत सरळ सांगितलं, "देखो, 'ब'ची शिफारस झाली तं खोली कायमची वाचनालयाची. मी लिहून देतो. नाई झाली तं मी तिथं ढेप ठेवतो. शेवटी ढेप म्हशी तरी खातात." सभा संपायच्या आत ढेपेची वीस पोती आमच्या व्हरांड्यात येऊन पडली. ग्रंथपाल प्रमिलाबाईंनी ती मोजून वहीत लिहिली. दुपारी दोन ते चार त्या खोलीत गावातल्या बाया वाचायला बसत. भांडी घासून, पोरं झोपवून, डोक्यावर पदर घेऊन येत. त्या कुठे बसतील याचा विचार ढेपेने केलेला नव्हता. मला मात्र त्या वासाने रात्रभर झोप आली नाही, आणि मी ठरवलं की शिफारस मिळालीच पाहिजे.

निरीक्षक काय करणार, तर संगणकापुढे बसून म्हणणार, "दोन हजार चारची दाखल नोंदवही दाखवा." मग आपण 'ओपन' म्हणायचं, म्हणजे माऊसने त्या शब्दावर टिचकी मारायची. ओपन म्हटलं की एक खिडकी उघडते. डावीकडे ठिकाणांची यादी, उजवीकडे फायलींची नावं. त्यातून हवी ती फाईल उचलायची. सोपं आहे. टपालाच्या खणांची फळी अशीच असते. मी तालीम म्हणून खुर्चीत बसलो, ओपन म्हटलं, आणि खिडकीत नावं दिसली.

तीनशे चाळीस फायली, सगळ्या प्रमिलाबाईंनी केलेल्या. एकूण एक 'श्री'ने सुरू होणाऱ्या.

"प्रमिलाबाई, हे काय आहे?" मी विचारलं.

"काय म्हंजे? फायली," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांच्या आधी श्री काऊन?"

"भाऊ, कोऱ्या कागदावर पहिले काय लिहिते माणूस? मायनं पाटीवर हेच शिकवलं. नवी फाईल म्हंजे कोरा कागदच न?"

मी स्वतः किराण्याच्या यादीवरसुद्धा आधी श्री लिहितो. पण संगणकाची पद्धत अशी की, नावाचं पहिलं अक्षर दाबलं की तो त्या अक्षरापाशी नेऊन सोडतो. इथे कुठलंही अक्षर दाबलं तरी उपयोग नव्हता. सगळं गाव एकाच आडनावाचं असल्यावर पोस्टमन काय करील! मी म्हटलं, "श्री काढून टाकू." प्रमिलाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काढा," त्या म्हणाल्या. "पण मंग त्या फायलीले मी हात नाई लावणार. पुढं काही वाईट झालं तं तुमच्या डोक्यावर." व्हरांड्यात ढेप, आठ दिवसांवर निरीक्षण आणि डोक्यावर तीनशे चाळीस अपशकुन, एवढं एकदम घ्यायची माझी तयारी नव्हती. श्री राहिली.

मग मी तारखेकडे वळलो. त्या खिडकीत फाईल कधीची आहे तेही दिसतं, आणि तारखेवर टिचकी मारली की फायली तारखेने लागतात. टपाल खात्याचा तर प्राणच तारखेच्या शिक्क्यात. मी टिचकी मारली. तीनशे चाळीस फायलींपैकी तीनशे तरी एक जानेवारी दोन हजारला जन्मलेल्या निघाल्या. त्या दिवशी प्रमिलाबाई संगणक शिकल्यासुद्धा नव्हत्या. सुरभीला फोन केला तेव्हा कळलं की आतली लहानशी बॅटरी मेली आहे. लोडशेडिंगने वीज गेली की संगणक काळवेळ विसरतो आणि वीज आली की पुन्हा एक जानेवारीपासून सुरू करतो. बॅटरी कारंज्यात मिळाली नाही. घड्याळवाल्याने जी दिली ती बसेना, आणि भैय्याजींनी फॉर्मेट सुचवलं.

मी मागे हटणारा माणूस नाही. पुराच्या वर्षी मी गुडघाभर पाण्यातून टपालाची थैली नेली आहे. मी सुरभीला पुन्हा फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, एवढा त्रास कशाला? डावीकडे ठिकाणांची यादी आहे ना, ती आपल्याला हवी तशी करता येते. नोंदवहीचा एक फोल्डर करा आणि ओढून तिथे सोडा. मग ओपन केलं की तो समोरच दिसेल."

ओढून सोडायला मला पाऊण तास लागला. फोल्डर वाटेत दोनदा सांडला. पण शेवटी 'दाखल नोंदवही' हे नाव डावीकडच्या यादीत जाऊन बसलं. एक टिचकी, आणि नोंदवही हजर! मी ते सतरा वेळा करून पाहिलं. प्रमिलाबाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, "चांगलं हाये. पण मले त्याच्याबिगर बी सापडते." मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी तिथेच थांबलो असतो तर ही गोष्टही इथेच थांबली असती. पण माणसाला शहाणपण सुचलं की ते चार लोकांना दाखवल्याशिवाय पचत नाही. मी कार्यकारिणी बोलावली.

ताराचंदजी, उपाध्यक्ष किसनराव आणि भैय्याजी खुर्च्या ओढून बसले. मी टिचकी मारली. कुणी टाळी वाजवली नाही. किसनराव शेतकरी माणूस, पंचवीस वर्षं लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसलेले. त्यांनी यादी वरून खाली वाचली आणि विचारलं, "याच्यात अध्यक्षाचं नाव कुठं हाये?"

"ही फायलींची यादी आहे, किसनराव."

"यादी म्हंजे यादी. पत्रिकेत नाव नसलं तं माणूस लग्नाले येत नाई, अन् इथं तं खोलीच त्याईची हाये."

ताराचंदजींनी "मले तसलं काही नाई लागत" असं म्हटलं. ज्याला खरोखरच नको असतं तो इतक्या हळू म्हणत नाही. मी अध्यक्षांच्या नावाचा एक फोल्डर करून डावीकडे बसवला. मग किसनरावांचा. मग कोषाध्यक्षांचा. भैय्याजी गेल्या वर्षी ग्रंथदिंडीचे स्वागताध्यक्षही होते, म्हणून त्यांचा दुसरा. मग दोन माजी अध्यक्षांचे, कारण ते हयात होते आणि चिडके होते. नुसती नावं घालून चालेना. 'माननीय' हवं, पुढे पद हवं. नावं मावेनात म्हणून मी यादीची मधली भिंत धरून उजवीकडे सरकवली. त्याने फायलींची जागा एवढी आक्रसली की त्यांची नावं अर्ध्यात तुटून 'श्री अ', 'श्री न' एवढीच दिसायला लागली. तरी सहा मानकरी एका नजरेत दिसायला जागा कमी पडत होती. म्हणून मी नोंदवहीचा फोल्डर काढला. मुळात ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं तोच गेला, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मानपानाच्या कामात लक्षात आलेलं बोलून दाखवायचं नसतं. आणि सचिवाचं नाव? कुणाला आठवलं नाही. मलाही नाही. निदान मी तसं दाखवलं.

सगळं झालं असं वाटलं, तेवढ्यात ताराचंदजी पडद्याजवळ वाकले. "सदाशिवराव, माह्या वर हा कोण बसून राह्यला?"

"तो फाईल सिस्टीम."

"कोण आहे हा फाईल सिस्टीम? कार्यकारिणीत आहे काय?"

मी समजावलं की तो माणूस नाही, ती संगणकाची स्वतःची जागा आहे, आणि ती वरच्या दोन-तीन जागांसारखीच हलत नाही. मी ओढून दाखवलं, दाबून दाखवलं. ती ढिम्म. "हलत नाई म्हंजे? खोली माही, टेबल माहं, अन् पहिल्या पाटावर हा?" ताराचंदजी उठले. जाता जाता त्यांनी व्हरांड्यातल्या पोत्यांवर हात फिरवला, तो मला काळजावर फिरल्यासारखा वाटला.

निरीक्षण दोन दिवसांवर होतं. सुरभी फोनवर म्हणाली, "फाईल सिस्टीम निघत नाही बाबा. पण सगळ्यात वर ज्याच्या नावाने संगणक सुरू केलाय त्याचं नाव असतं." बस्स. मला रस्ता सापडला. ताराचंदजींच्या नावाने नवीन खातं काढायचं, म्हणजे त्यांचं नाव आपोआप सगळ्यांच्या वर! सुरभी "अहो बाबा, पण" असं काहीतरी म्हणत होती, तेवढ्यात रेंज गेली. मी खातं काढलं, त्या नावाने आत शिरलो, ओपन म्हटलं. खिडकीत सगळ्यात वर ताराचंद! मी माणूस पाठवून त्यांना बोलावून घेतलं. ते धोतराचा सोगा सावरत आले, नाव पाहिलं, प्रसन्न झाले. "आता ते नोंदवही का काय ते उघडा," म्हणाले. मी वाचनालयाच्या जुन्या खात्यातल्या फायलींवर टिचकी मारली. पडद्यावर पाटी आली. त्यांनी ती प्रमिलाबाईंकडून वाचून घेतली. प्रमिलाबाईंनी इंग्रजीचा मराठीत अर्थ सांगितला, "तुमाले परवानगी नाई म्हणते."

"मले?"

"हो. ताराचंदजीले परवानगी नाई. असंच लिहिलं हाये."

"माह्याच खोलीत मले परवानगी नाई?" ताराचंदजींचा चेहरा मिरचीसारखा झाला. "परवा पाहू कोण कोणाले परवानगी देते," असं म्हणून ते तडक गेले, आणि संध्याकाळपर्यंत ढेपेची आणखी दहा पोती व्हरांड्यात आली. आता दारातून आत शिरायला तिरकं व्हावं लागत होतं. दुपारच्या बाया तशाच तिरक्या होऊन आल्या आणि मुकाट्याने वाचत बसल्या. मी नवं खातं मोडून टाकलं, जुन्या खात्यात परत आलो, आणि थेट किसनरावांच्या शेतावर गेलो. मानपानाची गाठ ज्यांनी मारली त्यांनीच ती सोडवावी.

किसनराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून ऐकत होते. मग म्हणाले, "मास्तर, पत्रिकेत सगळ्यात वर कोण असते?"

"गणपती."

"मंग! त्याच्या खाली बसाले कोणाले कमीपणा वाटते काय? चला."

ते तसेच चिखलाच्या पायांनी ताराचंदजींकडे आले आणि म्हणाले, "शेठजी, ते फाईल सिस्टीम म्हंजे मशीनचा गणपती हाये. त्याच्याबिगर मशीन चालत नाई अन् त्याले कोणी हालवू शकत नाई. त्याच्या खाली पहिलं नाव तुमचंच." ताराचंदजी विचारात पडले. ते दर चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जाणारे. "हे पहिले काऊन नाई सांगितलं?" ते माझ्यावरच ओरडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतल्या फाईल सिस्टीमला नमस्कार केला आणि त्याच्या खालचं आपलं नाव बघून समाधानाने गेले. पोती मात्र तिथेच राहिली. भावना वेगळी, धंदा वेगळा.

निरीक्षक आले. बारीक, कमी बोलणारे गृहस्थ. चहा घेतला नाही, याचीच सगळ्यांना धास्ती वाटली. त्यांनी कपाटं पाहिली, कागदी रजिस्टर पाहिलं, दुपारच्या बायांशी बोलले. मग संगणकापुढे बसले. आम्ही सगळे त्यांच्या मागे उभे. त्यांनी दोन हजार चारची नोंदवही मागितली नाही. कुठलीच मागितली नाही. त्यांनी ती खिडकी उघडली, डावीकडच्या माननीयांवर एकेक टिचकी मारली, आणि "हं," म्हणाले. मग म्हणाले, "आता बाहेर थांबा. मी अहवाल इथेच लिहितो."

अर्ध्या तासाने ते बाहेर आले. "माझी प्रत मी फ्लॉपीवर घेतली. तुमची संगणकात ठेवली आहे, वाचून घ्या." आणि ते हायवेवर बस गाठायला निघून गेले.

आम्ही आत धावलो. मी खुर्चीत बसून ओपन म्हटलं. खिडकी उघडली, आणि तेव्हा लक्षात आलं. अहवाल कुठे ठेवला हे मी विचारलंच नव्हतं. अध्यक्षांचा फोल्डर उघडला. रिकामा. उपाध्यक्षांचा, रिकामा. कोषाध्यक्ष, स्वागताध्यक्ष, दोन्ही माजी अध्यक्ष, सगळे रिकामे. त्यांत कधी कुणी काही ठेवलंच नव्हतं. उरली फायलींची रास, आणि तिथे मी केलेल्या रुंदीकरणामुळे दिसत होतं फक्त 'श्री अ', 'श्री अ', 'श्री न'. मधली भिंत मागे सरकवायला गेलो तर घाईत ती उलटीच सरकली आणि माजी अध्यक्ष आणखी रुंद झाले. तारीख पाहावी तर सकाळी वीज गेलेली, म्हणजे साहेबांचा अहवालही एक जानेवारीचाच. भैय्याजी म्हणाले, "साहेबाले फोन करा." वर्ध्याच्या साहेबाला फोन करून विचारायचं की आमच्या संगणकात तुम्ही काय कुठे ठेवलं? म्हणजे 'ब' राहिला बाजूला, 'क'सुद्धा जायचा. ताराचंदजी दाराकडे पाहत म्हणाले, "मंग पोती आत घ्यायची काय?"

"सरका भाऊ," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मी सरकलो. त्या खुर्चीत बसल्या, पडद्यावर बोट ठेवलं आणि वरून खाली निघाल्या. पंगतीत वाढताना यजमानीण प्रत्येक पाटावरचा माणूस ओळखत जाते, तशा. अर्धी तुटलेली नावं त्या पुरी म्हणत होत्या. "हे अंकाची यादी. हे अंकाची यादी. हे मागच्या सालचं, हे त्याच्या मागचं. माही, माही, माही." तीनेक मिनिटांनी बोट थांबलं. "हे माही नाई."

"कशावरून?" मी विचारलं.

"अनुक्रमणिकेच्या खाली मी अभिप्राय वही ठेवली. मधात हा कोण येऊन बसला?"

त्यांनी टिचकी मारली. साहेबांनीही फाईलचं नाव 'श्री'नेच सुरू केलं होतं. त्यांच्याही आईने पाटीवर तेच शिकवलं असणार.

अहवाल प्रमिलाबाईंनी मोठ्याने वाचला. ग्रंथसंख्या पुरेशी. नोंदी अचूक. दुपारी महिला वाचकांची उपस्थिती उल्लेखनीय, मात्र प्रवेशद्वारात पशुखाद्याचा अडथळा. ग्रंथपालांना प्रत्येक नोंद तोंडपाठ. संगणकात पदाधिकाऱ्यांसाठी सहा स्वतंत्र कप्पे असून ते सर्व रिकामे आढळले. 'ब' वर्गासाठी शिफारस करण्यात येत आहे.

शेवटचं वाक्य त्यांना दोनदा वाचावं लागलं, कारण पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसला नाही. मी पदराआड, म्हणजे माझ्या बाबतीत उपरण्याआड, डोळे पुसले. भैय्याजी म्हणाले, "मी तं पहिलेपासून म्हणून राह्यलो होतो, फॉर्मेट मारू नका." ताराचंदजींनी खिडकीतल्या आपल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "सदाशिवराव, ते सहा रिकामे कप्पे काढून टाका. माहा पहिले काढा." आणि बाहेर जाऊन त्यांनी हमालांना हाक मारली. खोलीचा कागद त्यांनी त्याच आठवड्यात लिहून दिला. त्या कागदाच्या वर त्यांनी स्वतःच्या हाताने श्री लिहिली.

मी सगळे मानकरी एकेक करून काढले. निवृत्तीच्या दिवशी खणांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या काढताना वाटलं होतं, तसंच थोडंसं वाटलं. डावीकडची यादी मोकळी झाली, वर फक्त फाईल सिस्टीम आणि त्याचे सोबती. उजवीकडच्या फायलींना त्यांची पूर्ण नावं परत मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तेव्हा बाया वाचत होत्या, व्हरांड्यात नुसता ढेपेचा वास उरला होता. मी सवयीने ओपन म्हटलं. डावीकडे, गणपतीच्या खाली, एक नवीन नाव बसलेलं होतं. 'श्री सदाशिवभाऊ'. मी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी टिचकी मारली. सगळ्या मानकऱ्यांचे कप्पे रिकामे निघाले होते. माझ्यात एक फाईल होती. साहेबांचा अहवाल.